कुत्र्यांचा जुनाट यकृतविकार व ऊतक-परीक्षणाची आवश्यकता

शेतावरच्या राखणीच्या कुत्र्याने भाकरीकडे पाठ फिरविली, तो खंगू लागला आणि पुढे त्याचे पोट नगाऱ्यासारखे फुगले, म्हणजे वस्तीवर त्याचे निदान व्हावयास फारसा वेळ लागत नाही. कोणी म्हणतो जंत झाले, कोणी म्हणतो कावीळ झाली, कोणी म्हणतो वयच झाले. एकदा जंताचे औषध दिले जाते, दोनदा काविळीचा पाला वाटून पाजला जातो, आणि महिन्याभराने बांधाच्या कडेला खड्डा खणला जातो. त्या खड्ड्यात कुत्र्याबरोबर एक माहितीही पुरली जाते. ती माहिती पुष्कळदा त्याच घरातील माणसांच्या व गुरांच्या उपयोगाची असते. तिचा माग कसा काढता येईल व तो काढण्याची सोय का हवी, हे ह्या लेखात मांडावयाचे आहे.

प्रस्तुत लेखक पशुवैद्य नाही. कृषि पदवीधर आहे. कुत्र्याच्या यकृताविषयी त्याने लिहावे ह्याचे कोणास नवल वाटेल. परंतु डाळिंबाचे झाड वाळू लागले असता आम्ही शेतकऱ्यांना काय सांगतो ते आठवावे. पाने पिवळी पडली एवढ्यावरून मर रोगाचे कारण ठरवू नका. मूळ उकरा, खोड उभे चिरून पाहा, नमुना प्रयोगशाळेकडे पाठवा. कारण बुरशी, सूत्रकृमी, खोडकिडा व मुळाशी साचलेले पाणी ह्या सर्वांची पाने जवळजवळ सारखीच पिवळी पडतात. पिकाच्या बाबतीत ज्या गोष्टीचा आम्ही एवढा आग्रह धरतो, ती गोष्ट त्याच शेताची राखण करणाऱ्या जनावराच्या बाबतीत आम्हांस चैनीची वाटावी, हे बरोबर नाही.

यकृताचा स्वभाव

आतड्यातून शोषलेले अन्न रक्तावाटे सर्वप्रथम यकृतात येते. अन्नाबरोबर आलेले विषही तेथेच प्रथम येते. पित्त तयार करणे, रक्तातील प्रथिने घडविणे, रक्त गोठण्यास लागणारे घटक पुरविणे, विषारी पदार्थ निरुपद्रवी करणे, अशी अनेक कामे हा एकच अवयव करतो. निसर्गाने त्यास शिल्लकही भरपूर दिली आहे. बराचसा भाग निकामी झाला तरी उरलेला भाग काम ओढून नेतो व नव्या पेशीही तयार होतात. ह्या गुणामुळेच त्याचा रोग फसवा ठरतो. कुत्रा महिनोन् महिने, कधी वर्ष-दोन वर्षे, आतून झिजत असतो आणि वरून धावत असतो. मालकाच्या लक्षात येते तेव्हा शिल्लक संपत आलेली असते.

जुनाट यकृतदाहात एकीकडे यकृताच्या पेशी मरत असतात, त्यांच्याभोवती दाहाच्या पेशी जमलेल्या असतात, आणि मेलेल्या जागी चिवट तंतू भरत जातात. शेवटी सबंध यकृत लहान, कठीण व गाठाळ होते. आतड्याकडून येणाऱ्या रक्ताची वाट अडते, रक्तातील प्रथिने कमी पडतात, आणि पोटात पाणी साचते. लोक ज्याला "पोट सुटले" म्हणतात ते हेच.

मात्र पोटात पाणी साचण्यास यकृत हे एकच कारण नाही. हृदय दुबळे झाले असता, मूत्रपिंडातून वा आतड्यातून प्रथिने वाहून जात असता, पोटात गाठ वाढली असताही पोट फुगते. कुत्रीच्या गर्भाशयात पू साचला तर लांबून पाहणाऱ्यास तेही तसेच दिसते. काविळीचेही तेच आहे. गोचिडीमुळे होणाऱ्या बबेसिया रोगात तांबड्या पेशी फुटून डोळे पिवळे होतात, लेप्टोस्पायरा जंतूंच्या संसर्गानेही होतात, आणि यकृताच्या जुनाट रोगात तर कित्येकदा शेवटपर्यंत होतच नाहीत. तेव्हा नुसत्या डोळ्यांनी पाहून ठरविण्याचा हा विषय नव्हे.

रक्ततपासणीची मर्यादा

आता तालुक्याच्या ठिकाणी रक्त तपासून मिळते, ही मोठीच सोय झाली आहे. एएलटी नावाचा घटक वाढलेला असला म्हणजे यकृताच्या पेशींना इजा होत आहे एवढे कळते. परंतु इजा कोण करीत आहे हे त्या आकड्यात लिहिलेले नसते. दुसरा घटक एएलपी. कुत्र्यास स्टेरॉइडाचे इंजेक्शन दिलेले असले तर त्यानेही तो वाढतो; आणि आपल्या भागात कुत्रा मलूल दिसला की असे इंजेक्शन मिळणे फारसे अवघड नाही! याहून मोठा घोटाळा पुढे आहे. रोग अखेरच्या टप्प्यास पोहोचला व यकृतात इजा होण्याजोग्या पेशीच थोड्या उरल्या, म्हणजे वाढलेले आकडे खाली उतरू लागतात. कागद सुधारलेला दिसतो आणि कुत्रा मरणाच्या दारात असतो. सोनोग्राफीने यकृताचा आकार, गाठी व पोटातील पाणी दिसते, पण आरंभीच्या रोगात यकृत पडद्यावर अगदी निरोगीही दिसू शकते.

म्हणून रक्ततपासणी व सोनोग्राफी ह्या वाट दाखविणाऱ्या गोष्टी होत. रोग जुनाट दाहाचा आहे काय, तो कोणत्या कारणाचा वाटतो, तंतू कितपत भरले आहेत, ह्याचे उत्तर यकृताचा तुकडा काढून, त्याचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय मिळत नाही. जागतिक लघुपशुवैद्यक संघटनेच्या तज्ज्ञ गटाने २००६ साली कुत्र्या-मांजरांच्या यकृतविकारांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. ते मुख्यत्वे ऊतकाच्या स्वरूपावरच उभारलेले आहे. अमेरिकेतील पशुवैद्यक तज्ज्ञांनी २०१९ साली कुत्र्यांच्या जुनाट यकृतदाहाविषयी एकमताने जे निवेदन काढले, त्यातही निश्चित निदानासाठी ऊतक-परीक्षणच आवश्यक मानले आहे.

तुकडा कसा घेतात ते थोडक्यात सांगतो. कुत्र्यास गुंगी देऊन सोनोग्राफीच्या मदतीने जाड सुई यकृतात घालून बारीक काडीसारखा तुकडा काढता येतो. पोटास लहान छिद्र पाडून दुर्बिणीतून पाहत चिमट्याने घेता येतो. किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी घेता येतो. यकृताची पाळी-पाळी सारखी रोगट नसते. एका पाळीत तंतू दाटलेले तर शेजारची बरीचशी चांगली, असे आढळते. ह्यासाठी एकाच तुकड्यावर विसंबू नये, निदान दोन पाळ्यांतून मिळून पाच तुकडे घ्यावेत, असे तज्ज्ञ सांगतात. बारीक सुईने नुसत्या पेशी ओढून काचेवर पसरून पाहण्याची सोपी रीत पुष्कळ ठिकाणी आहे. तिने चरबी साचलेली कळते, काही प्रकारचे कर्करोगही कळतात. जुनाट दाहासाठी मात्र ती अपुरी आहे, कारण पेशींची मांडणी तीत मोडून जाते. पाडलेल्या घराच्या विटांचा ढीग पाहून घराचा नकाशा सांगता येत नाही, तसेच हे आहे.

काप निरनिराळ्या रंगांनी रंगवितात. एका रंगाने पेशी व दाह दिसतो, दुसऱ्याने तंतू उठून दिसतात. रोडॅनिन नावाच्या रंगाने पेशींत साठलेले तांबे तांबूस-विटकरी कणांच्या रूपाने दिसते. ह्या शेवटच्या रंगाने लेखकाची एकदा चांगलीच खोड मोडली. ती हकीगत सांगण्यासारखी आहे.

चुकीच्या निदानाची एक हकीगत

काही वर्षांपूर्वी द्राक्षपट्ट्यात नेमणुकीस असताना एका बागाईतदाराच्या वस्तीवर जाणे-येणे होते. त्यांनी लॅब्रॅडॉर जातीचा कुत्रा पाळला होता. सहा वर्षांचा, अंगाने भरलेला, बागेत परका माणूस शिरला की आधी आवाज देणारा. तो दोन महिन्यांत निम्मा झाला. रक्तात एएलटी पुष्कळ वाढलेला निघाला. वस्तीच्या पडवीत कोंबड्यांसाठी आणलेली मक्याची पोती होती; त्यांतील दोन पोती खालून ओलावून दाण्यांवर हिरवट-पिवळी बुरशी आलेली मी स्वतः पाहिली. धान्यावरील बुरशी हा माझ्या अभ्यासाचा विषय. मी तेथल्या तेथे निर्णय दिला: मक्याच्या बुरशीच्या विषाने यकृत बिघडले. त्यांनी माझ्या शब्दावर सगळा मका खड्ड्यात पुरला, चांगली पोतीसुद्धा. कुत्रा काही सुधारला नाही.

त्यांच्या घरी आणखी एक उपाय चालू होता. यकृताच्या रोगावर यकृतच गुणकारी, ह्या समजुतीने खाटकाकडून रोज शेळी-मेंढीची कलेजी आणून, उकडून, कुत्र्यास खाऊ घातली जात होती. मला ते समजले होते. मी त्यावर काही बोललो नाही. पौष्टिक आहे, असेच मला वाटले.

अखेर त्यांनी कुत्र्यास पशुवैद्यक महाविद्यालयात नेले. तेथे आधी रक्त गोठण्याची तपासणी झाली व मग सुईने तुकडे घेतले गेले. अहवाल आला तो असा: यकृतखंडाच्या मध्यशिरेभोवतालच्या पेशींत तांब्याचे दाट कण, भोवती दाह, आणि तंतू भरण्यास आरंभ. निरोगी कुत्र्याच्या यकृतात कोरड्या ऊतकाच्या दर ग्रॅमला तांबे साधारणतः ४०० मायक्रोग्रॅमच्या आत असते. ते १००० च्या पलीकडे गेले व कणही मध्यशिरेभोवती असले म्हणजे रोगाचे कारण तांबे हेच असावे, असे मानतात. ह्या कुत्र्याचा आकडा त्याच्या कितीतरी पुढे होता. लॅब्रॅडॉर जातीत तांबे साठण्याचा वंशागत कल आढळतो. बेडलिंग्टन टेरियर ह्या जातीत तर तो फार पूर्वीपासून ठाऊक आहे व त्यास जबाबदार असलेला जनुकीय दोष २००२ साली सापडला. मेंढ्यांच्या यकृतात तांबे भरपूर असते. म्हणजे ज्या कुत्र्याच्या यकृतास तांबे बाहेर टाकता येत नव्हते, त्यास आम्ही औषध म्हणून रोज तांबेच चारीत होतो. बातमी पसरताच शेजारच्या बागाईतदारांनी बोर्डो मिश्रणाच्या फवारणीस दोष देण्यास सुरुवात केली. पशुवैद्यांनी त्यास आधार नसल्याचे स्पष्ट सांगितले, तेव्हा ती चर्चा थांबली.

कलेजी बंद झाली, कमी तांब्याचा आहार ठरवून दिला गेला, शरीरातील तांबे काढून टाकणारे औषध सुरू झाले. माझी बदली झाली त्या वेळी, म्हणजे तीन वर्षांनी, तो कुत्रा बागेत होता. बुरशी आलेला मका टाकून दिला हे योग्यच झाले. पण चांगल्या पोत्यांचे नुकसान माझ्या घाईमुळे झाले, आणि कलेजीवर मी गप्प बसलो तो काळ कुत्र्याच्या आयुष्यातून गेला.

कारणाप्रमाणे उपचार किती बदलतात ते ह्यावरून ध्यानात यावे. तांब्यामुळे झालेल्या रोगात तांबे काढावयाचे असते. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटली असेल तर ती स्टेरॉइड देऊन आवरावी लागते. जंतुसंसर्ग असेल तर तेच स्टेरॉइड घात करू शकते. एखाद्या औषधाने यकृत बिघडले असेल तर ते औषध थांबविणे हाच उपाय, आणि धान्यातील विषाने बिघडले असेल तर उपाय कुत्र्याच्या तोंडात नसून कणगीत आहे.

कुत्रा आणि घरातील धान्य

ह्या शेवटच्या कारणासाठीच हा लेख कृषिविषयक पत्रिकेत लिहीत आहे. आपल्या घरोघरची रीत अशी, की धान्य निवडताना काळे, किडके, बुरशी आलेले दाणे बाजूस काढावयाचे, ते भरडून त्यांची भाकरी वा घाट कुत्र्यास घालावयाची. कुत्रा घरच्याच धान्यावर जगतो, पण त्यातील सर्वांत वाईट हिश्श्यावर. ॲस्परजिलस फ्लेव्हस ह्या बुरशीपासून होणारे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष कुत्र्यास गुरांपेक्षा लवकर बाधते. भाजल्याने किंवा शिजविल्याने ते पुरतेपणी नष्ट होत नाही. आणि वाईट दाणे काढून टाकल्यावर उरलेले धान्य निर्विष असतेच असेही नाही, कारण विष डोळ्यांना दिसत नाही. दुभत्या गाईच्या खाद्यात ते गेले तर त्याचा अंश बदललेल्या रूपात दुधात उतरतो.

ह्या विषाचा इतिहासही कुत्र्यापासूनच सुरू झाला, असे म्हटले तरी चालेल. अमेरिकेच्या आग्नेय भागात कुत्र्यांत यकृतदाहाची एक साथ आली व तिचे वर्णन १९५२ साली प्रसिद्ध झाले. कारण उमगेना, म्हणून पुढे त्या रोगास "हेपॅटायटिस एक्स" असे नाव पडले. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखावर टर्की पक्षी मेले व त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीत हे विष सापडले. त्यानंतर कुत्र्यांना हे विष देऊन प्रयोग झाले. त्यांच्या यकृतात जे बदल दिसले ते त्या जुन्या, निनावी रोगातील बदलांशी जुळले. यकृताचे ऊतक कोणीतरी वेळीच तपासून लिहून ठेवले होते, म्हणूनच हा मेळ दहा-बारा वर्षांनी घालता आला.

आपल्या देशातील उदाहरण याहून गंभीर आहे. १९७४ सालच्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल ह्या लागून असलेल्या जिल्ह्यांत, दीडशेहून अधिक गावांत काविळीची विलक्षण साथ उद्भवली. कावीळ होऊन पोटात झपाट्याने पाणी भरे. ३९७ रोगी नोंदले गेले, त्यांपैकी १०६ दगावले. रोगी बहुतेक अत्यंत गरीब, मक्यावर जगणारे आदिवासी. आधीच अवर्षण, त्यात मका काढणीच्या सुमारास अवकाळी पाऊस, आणि साठवणीस धड जागा नाही. त्यांनी खाल्लेल्या मक्यात दर किलोस ६ पासून १५ मिलिग्रॅमपर्यंत अफ्लाटॉक्सिन आढळले. आपल्याकडे धान्यात हे विष किती चालते, तर दर किलोस १५ मायक्रोग्रॅम. म्हणजे तो मका मर्यादेच्या शेकडो पटींनी विषारी होता. रोग्यांच्या यकृताच्या ऊतकाचे परीक्षण झाले व त्याचे स्वरूप नेहमीच्या साथीच्या काविळीहून वेगळे, विषबाधेकडे बोट दाखविणारे निघाले.

त्या घरांतील कुत्रीही तेच अन्न खात होती. त्यांनाही तशीच कावीळ झाली, त्यांच्याही पोटात पाणी भरले, आणि तीही मेली. माणसांची संसर्गजन्य कावीळ कुत्र्यांना होत नाही. एकाच घरी माणूस व कुत्रा दोघांचीही पोटे फुगली असता ताटाकडे पाहावे, हे त्यातून उघड होते. पहिल्याच आठवड्यात एखाद्या मेलेल्या कुत्र्याच्या यकृताचा तुकडा एखाद्या गावातून प्रयोगशाळेत पोहोचला असता तर किती जीव वाचले असते, हे सांगता येणार नाही. परंतु मका खाणे चार दिवस आधी थांबले असते, असे मला वाटते.

येथे एक इशारा दिला पाहिजे, नाही तर लॅब्रॅडॉरच्या वेळची माझीच चूक वाचकांच्या हातून होईल. ऊतकावरून विषाचा संशय घेता येतो. दीर्घकाळ विष पोटात गेले असता पित्तनलिका फुटव्यासारख्या वाढतात, तंतू भरतात. तरी विष कोणते हे धान्य रासायनिक रीतीने तपासल्यावरच सिद्ध होते. दोन्ही नमुने बरोबर जावयास हवेत.

मेलेल्या कुत्र्याचा नमुना

जिवंत कुत्र्याचा तुकडा घेणे खर्चाचे व थोडे जोखमीचे आहे. यकृत बिघडले की रक्त लवकर गोठत नाही; म्हणून आधी त्याची तपासणी करावी लागते, नंतर कुत्रा देखरेखीखाली ठेवावा लागतो, आणि फार थकलेल्या कुत्र्यात हा प्रयत्न न करणेच शहाणपणाचे असते. प्रत्येक वस्तीवरील कुत्र्यास महाविद्यालयात न्यावे असे मी म्हणणार नाही. मेलेल्या कुत्र्याची गोष्ट निराळी आहे. तेथे खर्च एका बरणीचा आहे.

पण त्याआधी सर्वांत महत्त्वाची सूचना. कुत्र्याने कोणास चावा घेतला असेल, लाळ गळत असेल, पाणी गिळता येत नसेल, जबडा लोंबत असेल, आवाज बदलला असेल, पाय लुळे पडले असतील किंवा स्वभाव एकाएकी पालटला असेल, तर तो पिसाळलेला असू शकतो. असे प्रेत कोणी हाताळू नये व पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास ताबडतोब कळवावे. चावा बसलेल्या किंवा जखमेवर लाळ लागलेल्या माणसाने ती जागा साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जावे. लेप्टोस्पायराचा संसर्गही माणसास होतो. तेव्हा लक्षणे काहीही असोत, प्रेत उघडण्याचे काम पशुवैद्यकीय अधिकाऱ्यानेच हातमोजे घालून करावयाचे आहे. शेतकऱ्याने किंवा गावपातळीवरील कार्यकर्त्याने सुरी हाती घेऊ नये.

कार्यकर्त्याचे काम वेळ सांभाळण्याचे आहे. मेल्यावर यकृत फार लवकर नासते, उन्हाळ्यात तर काही तासांतच. प्रेत सावलीत ठेवून, मिळाल्यास पोटाखाली व भोवती बर्फ ठेवून, लगेच दवाखान्यात फोन करावा. सकाळी मेलेल्या कुत्र्याची बातमी दुसऱ्या दिवशी दिली तर काचेखाली रोग दिसत नाही, कुजणे दिसते.

पशुवैद्यकीय अधिकारी दोन-तीन पाळ्यांतून, रोगट व चांगल्या भागाच्या सीमेवरचे तुकडे घेतील. तुकडा अर्धा ते एक सेंटिमीटरहून जाड नसावा. जाड तुकड्याच्या पोटात फॉर्मॅलिन पोहोचण्याआधीच तो नासतो. बाजारी फॉर्मॅलिन एक भाग व पाणी नऊ भाग असे दहा टक्क्यांचे द्रावण, तेही शक्यतो प्रयोगशाळेकडून तयार करून आणलेले, तुकड्याच्या दसपट घ्यावे. बरणी रुंद तोंडाची हवी, कारण अरुंद तोंडातून मऊ तुकडा आत जातो पण कडक झाल्यावर बाहेर येत नाही. फॉर्मॅलिनमधील नमुना गोठवू नये. मिठात, रॉकेलात किंवा दारूत घालून पाठविलेले तुकडे मी पाहिले आहेत. ते पाठविणाऱ्याचा उत्साह चांगला, उपयोग मात्र शून्य. तांबे व विष तपासण्यासाठी दुसरा तुकडा फॉर्मॅलिनशिवाय, स्वच्छ पिशवीत, बर्फावर पाठवावा. आणि घरातील ज्या धान्याची भाकरी कुत्रा खात होता ते, पोत्याच्या वर-खाली-मध्ये अशा अनेक जागांतून घेऊन, किलोभर, कागदी किंवा कापडी पिशवीत द्यावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत दाण्यास घाम येतो व वाटेतच बुरशी वाढते, मग आढळलेले विष घरचे की पिशवीतले हे कळत नाही.

"माणसांच्या व गुरांच्याच तपासण्या वेळेवर होत नाहीत, तेथे कुत्र्याचे काय घेऊन बसलात?" असे एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला विचारले. प्रश्न रास्त आहे. मी स्वतः एका प्रयोगशाळेकडे पाठविलेल्या नमुन्याचे उत्तर चार महिन्यांनी आले. तोपर्यंत तो मका विकला गेला होता, काही दळून खाल्लाही गेला होता. पण ह्यावरून नमुना पाठवू नये असे ठरत नाही; उत्तर लवकर यावे असे ठरते. तालुक्याच्या प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात फॉर्मॅलिन भरलेल्या चार बरण्या व छापील पत्रक तयार असावे. पुण्यास औंध येथील रोग अन्वेषण विभाग किंवा जवळचे पशुवैद्यक महाविद्यालय येथे नमुना नेण्याची ठराविक व्यवस्था असावी. आणि अहवालाची एक प्रत मालकास समजेल अशा मराठीत व दुसरी प्रत कृषि कार्यालयास मिळावी. आज पशुसंवर्धनाचा कागद पशुसंवर्धनात राहतो व धान्याचा कागद कृषि खात्यात. कुत्र्याचे यकृत व कणगीतला मका एकाच वाड्यात आहेत, ही गोष्ट दोन्ही खात्यांच्या फायलींत कोठेच एकत्र येत नाही.

पत्रकात काय लिहावे हेही कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे, कारण तुकडा पाहणाऱ्यास ही हकीगत फार उपयोगी पडते. कुत्र्याचे वय, जात, नर की मादी, आजार केव्हापासून, काय खात होता आणि ते धान्य कोणत्या हंगामाचे, कोणती औषधे, इंजेक्शने व झाडपाला दिला, घरातील दुसरी कुत्री, कोंबड्या, गुरे कशी आहेत, आणि घरातील कोणा माणसास हल्ली कावीळ झाली आहे काय. शेवटचा प्रश्न विचारावयास संकोच वाटतो. तो विचारावाच, आणि उत्तर होय आले तर प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता त्या माणसास आरोग्य केंद्रात पाठवावे व ते धान्य खाणे थांबवावे.

सध्या मी ज्या तालुक्यात आहे तेथील एका धनगरवस्तीवर एक म्हातारी कुत्री आहे. गेल्या पावसाळ्यापासून तिचे पोट वाढते आहे. मेंढ्यांमागे ती आता जात नाही, कोकरांपाशी बसून असते. तिला महाविद्यालयापर्यंत नेण्यासारखी तिची स्थिती नाही. तिच्या मालकाशी बोलणे झाले आहे. तिच्या भाकरीच्या बाजरीचा नमुना घेऊन पाठविला आहे, आणि दवाखान्यातील पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी तिच्या नावाची चिठ्ठी लावून एक बरणी कपाटात ठेवली आहे.